दरीचा धनी कोण?

दिवाळीची सुट्टी तोंडावर आली आहे. आणखी थोड्याच दिवसांत पुण्यामुंबईची हजारो कुटुंबे महाबळेश्वरची वाट धरतील. वाईपासून पसरणीच्या घाटात मोटारींची रांग लागेल, आणि ती रांग वर पोहोचल्यावर निरनिराळ्या ‘पॉइंटां’च्या दिशेने फुटेल. प्रत्येक रांगेच्या शेवटी एक कठडा असेल. त्या कठड्याशी पाच मिनिटे उभे राहून, दरीकडे पाठ करून, माणसे स्वतःची छायाचित्रे काढतील आणि पुढल्या कठड्याकडे निघतील. पहिल्या पानावर अग्रलेख लिहावा इतका हा विषय मोठा आहे काय, असे आमचे काही वाचक विचारतील. आमचे उत्तर स्पष्ट आहे. तो तितका मोठा आहे. कारण त्या कठड्यापलीकडे जे दिसते ते कोणाच्या मालकीचे, कोणाच्या भरवशावरचे आणि कोणाच्या जबाबदारीचे, या प्रश्नाचे उत्तर आपण अद्याप दिलेले नाही. ते दिले नाही तर आणखी एका पिढीने कठड्याशी उभे राहून पाहावे असे पुढे काही उरणार नाही.

महाबळेश्वरच्या आर्थर सीटवर जो उभा राहिला आहे, त्यास आमचे म्हणणे चटकन कळेल. एका अंगास सावित्रीचे खोल, काळेभोर खोरे कोकणाकडे उतरत गेलेले असते. दुसऱ्या अंगास जोर खोऱ्याची उथळ, सौम्य उतरण कृष्णेकडे वळते. या धारेच्या पश्चिमेस पडलेला पावसाचा थेंब अरबी समुद्रास मिळतो, पूर्वेस पडलेला उभा भारत ओलांडून बंगालच्या उपसागरास जातो. कृष्णा, कोयना, वेण्णा, गायत्री आणि सावित्री या पाच नद्यांचे मूळ ज्या डोंगरात आपण मानतो, तो हा डोंगर. येथे वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरांच्या आसपास पाऊस पडतो. म्हणजे हा पॉइंट ही केवळ नजर लावण्याची जागा नव्हे. महाराष्ट्राचे पाणी जेथे वाटले जाते तो हा उंबरठा आहे. उंबरठ्यावर उभे राहणाऱ्याने घरातल्या माणसांचा विचार करावयाचा असतो.

तो विचार का करावयाचा, हे 22 जुलै 2021 या दिवसाने आपणांस शिकवावयास हवे होते. त्या दिवशी आणि त्या रात्री चोवीस तासांत महाबळेश्वरी सहाशे मिलिमीटरांच्या जवळपास पाऊस झाला. खाली सावित्रीच्या काठी महाड शहर पाण्यात गेले. त्याच तालुक्यातील तळिये गावावर दरड कोसळून ऐंशीहून अधिक माणसे गाडली गेली. सातारा जिल्ह्याच्या पाटण तालुक्यात आंबेघर, मिरगाव या वस्त्यांवर डोंगर आला. पोलादपूरहून महाबळेश्वरास चढणारा आंबेनळी घाट जागोजाग तुटला. तो पाऊस कोणा माणसाने पाडला नव्हता, आणि त्या दरडींचा दोष एखाद्या हॉटेलावर किंवा एखाद्या रस्त्यावर ढकलणे अप्रामाणिकपणाचे होईल. परंतु डोंगरावर पडलेले पाणी मुळांनी धरलेल्या मातीतून झिरपत उतरते की उघड्या, खणलेल्या उतारावरून लोटत येते, हे मात्र पुष्कळ अंशी माणसाच्या हाती असते. ज्यास आपण वरून ‘दृश्य’ म्हणतो, त्याच्याच तळाशी कौलारू घरांत माणसे निजलेली असतात. वरून पाहणाऱ्यास दरी सुंदर दिसते. खालून पाहणाऱ्यास तोच डोंगर जुलैच्या रात्री झोप लागू देत नाही. दोघेही एकाच जागेकडे पाहत असतात. त्यांतल्या एकाचेच पाहणे आपल्या पर्यटन खात्याच्या हिशेबात धरलेले आहे.

आमच्या पूर्वजांस हा भेद ठाऊक होता. उंचावर उभे राहून दूरवर पाहणे ही सह्याद्रीतील माणसास इंग्रजांनी शिकवलेली हौस नव्हे. टेहळणीचा बुरूज हा आपल्या प्रत्येक गडाचा डोळा होता. पण त्या बुरुजावरचा पहारेकरी स्वतःच्या करमणुकीसाठी पाहत नसे. तो खालच्या माणसांच्या वतीने पाहत असे. घाटात धूळ दिसली, रानात धूर दिसला, तर त्याने वर्दी द्यावयाची आणि खालच्या वस्त्यांनी सावध व्हावयाचे, असा तो करार होता. महाबळेश्वरच्या बॉम्बे पॉइंटावरून दिसणारा प्रतापगड 1656 साली जावळी स्वराज्यात आल्यानंतर उभा राहिला, आणि 1659 च्या नोव्हेंबरात त्याच्या पायथ्याशी जे घडले ते मराठी मुलास सांगावे लागत नाही. त्या दिवशी जावळीची घनदाट झाडी ही सैन्याइतकीच उपयोगी पडली. गडाचे बळ केवळ तटात नसून भोवतालच्या रानातही असते, हे राज्यकर्त्यांस इतके पटलेले होते की, रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात गडाभोवतीची झाडी कटाक्षाने राखण्याची ताकीद दिलेली आहे. बुरूज राखावयाचा तर बुरुजावरून दिसणारे रान राखले पाहिजे, ही समज तीनशे वर्षांपूर्वी आपल्या राज्यकारभारात होती.

11 जुलै 2025 रोजी युनेस्कोने मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारशाच्या यादीत घेतले. त्यांत प्रतापगड आहे. आपण सर्वांनी त्याचा उत्सव केला आणि तो करणे योग्यच होते. पण त्या नोंदीचे नाव नीट वाचावे, अशी आमची विनंती आहे. तेथे केवळ किल्ल्यांचा उल्लेख नाही. मराठ्यांच्या लष्करी भूप्रदेशांचा उल्लेख आहे. जगाने ज्याची थोरवी मान्य केली तो नुसता दगडी तट नसून डोंगर, दरी, घाट आणि रान यांसह उभा असलेला मुलूख आहे. तटाची डागडुजी करावयाची आणि तटावरून दिसणारे खोरे वाऱ्यावर सोडावयाचे, हे त्या सन्मानाशी विसंगत ठरेल.

इंग्रज या डोंगरावर आले ते उन्हाळ्याने हैराण होऊन. 1824 साली लॉडविक नावाचा लष्करी अधिकारी येथे चढला, आणि पुढे थोड्याच वर्षांत गव्हर्नर सर जॉन माल्कम याच्या नावाने पेठ वसली. त्यांना या डोंगरात पहारा द्यावयाचा नव्हता. थंड हवा खावयाची होती. त्यांनी दृष्टीच्या जागा हेरल्या, तेथवर रस्ते नेले आणि त्यांस आपल्या माणसांची नावे दिली. सिंदोळ्याच्या टेकडीचा विल्सन पॉइंट झाला. नाके खिंडीस माल्कमच्या मुलीचे नाव मिळून ती केट्स पॉइंट झाली. त्यांच्या रसिकतेस आम्ही नावे ठेवीत नाही. त्यांनी निवडलेल्या जागा आजही अप्रतिम आहेत. पण ‘खिंड’ या शब्दात वाट होती, ये-जा होती, राबता होता. ‘पॉइंट’ या शब्दात केवळ पाहणाऱ्याचे दोन पाय आहेत. इंग्रज गेल्यास पाऊणशेहून अधिक वर्षे झाली, तरी या डोंगराशी आपले नाते अजूनही हवा खावयास आलेल्या पाहुण्याचे आहे, घरधन्याचे नाही. आमचे खरे दुखणे हे आहे.

पाहुण्याची वृत्ती आता आणखी एक पायरी उतरली आहे. दरी आहे तशी पाहणे आपणांस पुरेसे वाटेनासे झाले आहे. कठड्याच्या जागी सिमेंटचा सज्जा हवा, सज्जावर खाद्यपदार्थांची दुकाने हवीत, दुकानांमागे मोटारतळ हवा, आणि एवढे करूनही चित्त रमले नाही तर दरीवर अधांतरी काचेचा मार्ग हवा. मेळघाटातील चिखलदऱ्यास दोन पॉइंटांच्या मधल्या दरीवरून असा मार्ग बांधण्याचे काम हाती घेतले गेले, आणि तेव्हापासून प्रत्येक थंड हवेच्या ठिकाणच्या पुढाऱ्यास आपल्या गावीही काच असावी असे वाटू लागले आहे. आम्हांस येथे अभियंत्यांच्या कौशल्याविषयी शंका घ्यावयाची नाही. आमचा आक्षेप निराळा आहे. काचेवर उभा राहणारा माणूस दरी पाहत नाही; तो स्वतःच्या पायांखाली पाहतो आणि स्वतःच्या छातीतली धडधड ऐकतो. त्या अनुभवास दरीची गरज असलीच तर ती खोलीपुरती. तिच्यातील जांभूळ, अंजन, हिरडा, तिच्यातून धावणारे शेकरू, तिच्या तळाची नदी, यांतील एकाचीही त्यास आवश्यकता नाही. ज्या करमणुकीस रानाची गरज नाही, ती रानात आणून बसवण्याचे प्रयोजन काय?

सुरक्षिततेचा मुद्दा यातच येतो. 15 जून 2025 रोजी मावळात कुंडमळा येथे इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल पर्यटकांच्या भाराने कोसळला आणि चार जणांचे प्राण गेले. ओलांडण्यासाठी बांधलेला पूल फुगलेली नदी पाहण्यासाठी उभे राहण्याची जागा बनला होता. अशा दुर्घटनेनंतर आपल्याकडे दोनच उपाय सुचतात. एक म्हणजे सरसकट बंदी, आणि दुसरा म्हणजे अधिक मोठे, अधिक खर्चिक बांधकाम. एका जागी एका वेळी किती माणसांनी उभे राहावे, हा साधा प्रश्न कोणी विचारीत नाही. वस्तुतः पाहण्याच्या प्रत्येक जागेस तिची स्वतःची एक मापाची ओंजळ असते. ओंजळीत मावेल तेवढेच पाणी घ्यावे. अधिक ओतले तर ते सांडते, आणि येथे सांडतात ती माणसे असतात.

आता कायद्याकडे वळू. महाबळेश्वर-पाचगणी हा प्रदेश केंद्र सरकारने 17 जानेवारी 2001 रोजी पर्यावरणदृष्ट्या संवेदनक्षम म्हणून जाहीर केला. त्या अधिसूचनेमुळे पुष्कळ काही वाचले, हे कृतज्ञतेने नमूद केले पाहिजे. परंतु आर्थर सीटवर उभा राहणारा माणूस सातारा जिल्ह्यात उभा असतो आणि त्याची दृष्टी रायगड जिल्ह्यात पडते. ज्या जागेवर तो उभा आहे तिला एक कायदा लागू. ज्या खोऱ्याकडे तो पाहतो त्यास दुसराच. पायांखालचा दगड वन खात्याचा, तेथवर आणणारा रस्ता बांधकाम खात्याचा, वाटेवरचा कचरा नगरपालिकेचा, समोरची वस्ती ग्रामपंचायतीची. यांतील प्रत्येकाकडे आपापल्या तुकड्याची फाइल आहे. समोर जे अखंड दिसते त्याची फाइल कोणाकडेच नाही. दरीचा धनी कोण, हा आमचा प्रश्न केवळ शब्दालंकार नाही; तो कारभाराचा प्रश्न आहे.

संपूर्ण पश्चिम घाटाच्या बाबतीत हीच कहाणी अधिक मोठ्या अक्षरांत लिहिली गेली आहे. माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालील समितीने 2011 साली अहवाल दिला. तो कठोर आहे असे वाटल्यावरून कस्तुरीरंगन समिती नेमली गेली. तिचा अहवाल 2013 साली आला. त्यानंतर अधिसूचनेचा पहिला मसुदा 2014 च्या मार्चात आणि सहावा मसुदा 31 जुलै 2024 रोजी निघाला. दहा वर्षांत सहा मसुदे! या सहाव्या मसुद्यात महाराष्ट्राच्या वाट्यास सतरा हजार चौरस किलोमीटरांहून अधिक प्रदेश येतो. मसुदे निघत राहिले त्या काळात डोंगर काही वाट पाहत थांबला नव्हता. माळीण 2014 साली गेले, तळिये 2021 साली गेले, इरशाळवाडी 2023 साली गेली.

या मसुद्यांस खेड्यांतून विरोध झाला हे खरे आहे, आणि तो सारा खाणवाल्यांनी किंवा बांधकामवाल्यांनी फूस लावून घडवला असे म्हणणे शहरी अहंकाराचे लक्षण होय. आपल्या घरावर पत्रा टाकावयास, गोठा वाढवावयास, शेतात विहीर खणावयास उद्या दिल्लीची परवानगी लागेल काय, ही भीती खोऱ्यातल्या माणसास वाटत असेल तर ती समजून घेतली पाहिजे. पिढ्यान्‌पिढ्या रान राखले ते त्याने, आणि नियमांचा जाच त्यालाच. रान पाहून निघून गेलो आपण, आणि मोकळीक मात्र आपणांस! हा न्याय उलटा आहे. तो सुलटा केल्यावाचून कोणतीही अधिसूचना कागदावरून डोंगरावर उतरणार नाही.

नवीन महाबळेश्वर या प्रकल्पाकडे आम्ही याच दृष्टीने पाहतो. जावळी, पाटण आणि सातारा या तालुक्यांतील 235 गावांच्या 1,153 चौरस किलोमीटर प्रदेशासाठी राज्य रस्ते विकास महामंडळास नियोजनाचा अधिकार देण्यात आला. पुढे त्यात आणखी 294 गावांची भर घालण्यात आली. कोयनेच्या जलाशयाभोवतालच्या या गावांनी एकदा धरणासाठी आपल्या जमिनी दिल्या आहेत. त्यांनी आता पुन्हा शहरवासीयांच्या डोळ्यांस गारवा मिळावा म्हणून दरिद्री राहावे, असे आम्ही कदापि म्हणणार नाही. त्यांना रस्ते, दवाखाने, शाळा आणि रोजगार मिळालाच पाहिजे. पण जुन्या महाबळेश्वरात गर्दी मावेना म्हणून नवे महाबळेश्वर वसवावयाचे, हे मात्र बुडत्या नावेस दुसरी तशीच नाव बांधण्यासारखे आहे. जुन्याचे नेमके काय चुकले हे आधी तपासा. मोटारींची सीमा ठरली नाही, उतारांवरची खणाखणी आवरली नाही, कचऱ्याची सोय झाली नाही. या तीन चुका पुन्हा करावयाच्या असतील तर ‘नवीन’ या विशेषणास काही अर्थ उरत नाही.

येथे आमच्या वाचकांशीही स्पष्ट बोलले पाहिजे. सरकारवर ताशेरे ओढणे सोपे असते. आरशापुढे उभे राहणे अवघड. घाटमाथ्यावर ‘दरीचे विहंगम दृश्य’ असलेल्या बंगल्यांच्या जाहिराती आमच्यासारख्याच वृत्तपत्रांत छापून येतात आणि त्या वाचून जमिनी घेणारा वर्ग आमचाच आहे. ज्या खिडकीतून आपणांस दरी दिसते, ती खिडकी समोरच्या कड्यावरून पाहणाऱ्यास दरीतला एक डाग म्हणून दिसते. असे शंभर डाग झाले की कोणाच्याच खिडकीतून दरी दिसत नाही. सर्वांस एकमेकांच्या खिडक्या दिसतात. निसर्गप्रेमाच्या नावाखाली आपण त्याचा एकेक तुकडा कुंपणात घेत आहोत, हे कबूल करण्याइतका प्रामाणिकपणा सुशिक्षित म्हणवणाऱ्यांनी दाखवावा.

मग करावे काय? उपाय नसता तर आम्ही ही लेखणी उचललीच नसती. उपाय आहेत, आणि त्यांतील काही याच महाराष्ट्रात अनुभवाने सिद्ध झालेले आहेत. माथेरानात मोटारी दस्तुरीच्या नाक्याशी थांबतात आणि पुढे माणूस पायांनी किंवा घोड्यावर जातो. माथेरान निर्दोष आहे असे नाही. पण जो चालत पॉइंटाशी पोहोचतो तो पाच मिनिटांत परत फिरत नाही, असा तेथील कोणाही पर्यटकाचा अनुभव आहे. कास पठारावर फुलांच्या हंगामात रोजच्या प्रवेशास मर्यादा आहे, शुल्क आहे, आणि आसपासच्या गावांच्या समित्यांस त्या कारभारात हात आहे. या दोन धड्यांवरून महाबळेश्वरसाठी आमच्या मागण्या पुढीलप्रमाणे आहेत.

पहिली मागणी ही की, प्रमुख पॉइंटांच्या अलीकडे किमान एक किलोमीटरवर मोटारी थांबाव्यात, आणि म्हातारे व अपंग यांच्या वाहनांखेरीज कोणाचीही मोटार, मग ती मंत्र्याची का असेना, पुढे जाऊ नये. दुसरी ही की, कड्याच्या धारेवर यापुढे कोणतेही नवे पक्के बांधकाम होऊ नये. साधा भक्कम कठडा आणि बसावयास जांभ्या दगडाचा ओटा एवढे पुष्कळ आहे. तिसरी ही की, प्रत्येक पॉइंटावरून जेवढा मुलूख दिसतो त्याचा नकाशा सातारा व रायगड या दोन्ही जिल्ह्यांनी मिळून करावा, आणि त्या दृष्टिक्षेत्रातील डोंगरकाप व मोठे बांधकाम एकाच समितीच्या परवानगीवाचून होऊ नये. खोऱ्यातल्या शेतकऱ्याचे घर, गोठा व विहीर यांस मात्र या अटीतून मोकळे ठेवावे. चौथी ही की, पर्यटकांकडून घेतलेल्या शुल्काचा ठराविक वाटा खालच्या गावांस, दृश्य राखल्याचा मोबदला म्हणून, मिळावा. तो दान म्हणून देऊ नये. हक्क म्हणून द्यावा.

पाचवी मागणी आम्हांस सर्वांत महत्त्वाची वाटते. या पॉइंटांस त्यांचे टेहळणीचे काम परत द्या. फाल्गुनापासून ज्येष्ठापर्यंत रानास वणव्याचे भय असते. त्या दिवसांत प्रत्येक प्रमुख पॉइंटावर जवळच्या गावचा एक तरुण पगारी पहारेकरी असावा. पावसाळ्यात तेथे पर्जन्यमापक असावा आणि पाऊस ठरलेल्या मर्यादेपलीकडे गेला, कड्यावर भेग दिसली, तर खालच्या वस्तीस तत्काळ इशारा जावा. याला कोट्यवधी रुपये लागत नाहीत. काचेच्या एखाद्या मार्गाच्या खर्चात असे शेकडो पहारेकरी कित्येक वर्षे उभे राहतील. आणि त्या जागेच्या फलकावर इंग्रजी नावाशेजारी तिचे जुने नावही लिहावे. नाके खिंड कोठे होती हे आमच्या मुलांस कळू द्या.

आर्थर सीटवर या दिवाळीत जो उभा राहील त्याने समोर दिसणाऱ्या खोल निळ्या दरीत संध्याकाळी एखादा दिवा लागतो काय, ते जरूर पाहावे. तो दिवा कोणाच्या तरी घरातला असतो. त्या घरातील माणसाने आपल्या वाट्याचे रान आजवर राखले म्हणून वर उभ्या असलेल्या आपणांस काही दिसते आहे. त्याच्या उशाशी असलेला डोंगर राखणे हे आता आपले काम आहे. नुसते पाहून परतणारा माणूस दरीचा धनी होत नाही. तिच्यासाठी जागणारा होतो. सरकारने आणि समाजाने या दोहोंपैकी कोण व्हावयाचे, ते पुढल्या पावसाळ्याच्या आत ठरवावे.